मड्डमच्या मागच्या सीटवरून

प्रिय अनया आणि ईशान,

आम्ही कोल्हापूरहून चंदगडला निघालो त्या सकाळी तुमचे आजोबा गाडीशी एक शब्दही बोलले नाहीत. एरवी किक मारण्याआधी टाकीवर हात ठेवून ते काहीतरी पुटपुटतात. त्या दिवशी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस. पंच बसल्याशिवाय सामना कसा सुरू व्हायचा?"

पंच मी होते. आदल्या आठवड्यात तुमच्या बाबांनी फोनवर हट्टच धरला होता की या वयात ती जुनी विलायती मोटारसायकल पुरे, विकून टाका. आजोबा म्हणाले, "चंदगडला जाऊन येतो. वाटेत हिनं एकदा जरी दगा दिला तर विकीन. आई सांगेल ते खरं." आई खोटं बोलत नाही, हे दोघांनाही मान्य होतं. मला कुणी विचारलंच नाही.

गाडी काळी आहे, तरी गल्लीत तिला मड्डम (गोरी बाई) म्हणतात. तिला किल्ली नाही. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. डाव्या मुठीजवळ एक छोटा खटका आहे. किक मारण्याआधी तो मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि किकचा दांडा पायावर येतो. इतकी वर्षं मागे बसून मी हे सगळं पाठ केलं आहे.

जाताना मी फक्त आवाज ऐकत होते. जरा वेगळी धडधड आली की मी सीटची कड घट्ट धरायचे. आजरा ओलांडल्यावर थंड हवा आणि काजूच्या बागा लागल्या, पण बागा मी परतताना पाहीन असं ठरवलं. आजोबाही मान न वळवता चालवत होते. चंदगडला माझ्या बहिणीकडे पोचलो तेव्हा त्यांच्या हाताची बोटं मुठीवरून सुटेनात. बहिणीनं काजूची उसळ आणि तांदळाची भाकरी वाढली. आजोबा दोनदा जेवण सोडून अंगणात गेले आणि गाडीखाली तेलाचा डाग पडलाय का ते वाकून बघून आले. डाग होता. "तेवढा असतोच," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. उत्तूर मागे पडलं तशी मला काळजीतून जरा उसंत मिळाली. मुरगूडच्या अलीकडे एका चढावर चहाला थांबलो आणि तिथेच घात झाला.

मड्डमभोवती माणसं जमली. मुरगूडचे दोघे भाऊ दुधाचा टेम्पो घेऊन थांबले होते. थोरला दत्ता, चाळिशीचा, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "पावणं," (इकडे अनोळखी माणसालाही पाहुणेच म्हणतात) "ही चालू तरी हुती का, का ढकलत आणलीसा?"

सगळे हसले. आजोबांचा चेहरा मला पाठीमागूनही वाचता येतो. "चंदगडास्नं आणलीया," ते म्हणाले, तडक उठले आणि सगळ्यांच्या देखत किक मारली. खटका होता तिथेच होता. मी तोंड उघडेपर्यंत दांडा उलटा आला आणि ते उजवा पाय धरून खाली बसले.

घोटा बघता बघता सुजला. दत्ताची थट्टा तिथेच विरली. "आज्जी, आबांस्नी टेम्पोत घालूया. धाकटा मुरगूडच्या डॉक्टरकडं न्हील. गाडी मी मागनं आणतो की."

आजोबांनी त्याला गिअर, ब्रेक, खटका, सगळं दोनदा समजावलं. "कळलं की," तो दोन्ही वेळा म्हणाला. मग टेम्पोतून डोकं बाहेर काढून आजोबा मला म्हणाले, "तू तिच्याबरोबर जा. कुणीतरी आपलं माणूस हवं."

नवऱ्यापाशी बसायचं सोडून मी गाडीची राखण करत परक्या माणसाच्या मागे बसले.

सपाट रस्त्यावर दत्तानं नीट चालवली. मग उतार लागला. खाली वळणावर शेतातून उसाची ट्रॉली रस्त्यावर येत होती, ट्रॅक्टर पुढे गेलेला आणि मागे बाहेर लोंबणारा ऊस आडवा. दत्तानं ट्रॉली पाहिली आणि त्याचा पाय जन्मभराच्या सवयीवर गेला. उजवा पाय जोरात दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये पडली आणि मोकळी सुटली. त्यानं पुन्हा उजवाच दाबला.

माझ्याकडे सांगायला वेळ नव्हता. मी मूठ वळून त्याच्या डाव्या मांडीवर हाणली. "डावा. डावा पाय."

चाक फरफटलं. उसाच्या पातीनं माझा चष्मा कपाळावर सरकवला, तेव्हा आम्ही थांबलो होतो. दत्ता बराच वेळ मुठी सोडेना. मग मागे न बघता म्हणाला, "आज्जी, मांडी बधिर झालीया."

"असू दे. पाय तेवढा तिथंच ठेव," मी म्हटलं.

आजोबांच्या घोट्याचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालून, मड्डमलाही टेम्पोत चढवून आम्ही कोल्हापूरला आलो आणि घरी पोचताच तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, गाडीनं दगा दिला का?"

आजोबा भिंतीकडे बघत होते. मी सांगितलं, "गाडीनं नाही दिला. खटका मागे घेतला नव्हता, मी पाहिलं. चूक चालवणाऱ्याची. गाडी विकायची नाही. चालवणारा मात्र बदलायचा."

मी निकाल कुणाच्या बाजूनं दिला ते दोघांनाही क्षणभर कळलं नाही. आधी आजोबांना कळलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

चालवायला मी दत्तालाच बोलावलं आणि प्लास्टर निघालं तसा तो येऊ लागला. रविवारी कोल्हापुरात दूध पोचवून झालं की तो आमच्याकडे चहाला येतो. आधी खटका मागे घेतो, मला दाखवतो, मगच किक मारतो. पहिल्या रविवारी आजोबा आयुष्यात पहिल्यांदा मड्डमच्या मागच्या सीटवर बसले. रंकाळा तलावापर्यंत जाऊन आले. उतरले तेव्हा हात दत्ताचा शर्ट घट्ट धरून आखडलेले होते. ते पायरीवर बसले.

"पुढचं काही दिसत नाही, हातात काही नाही," ते म्हणाले. "तू इतकी वर्षं काही बोलली कशी नाहीस?"

"बोलत होते की," मी म्हटलं. "त्या आवाजात तुम्हाला ऐकू कुठं जायचं."