मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी

आमच्या गावात कुणाला वय विचारलं की तो आकडा सांगत नाही, आपत्ती सांगतो. "मी गारीच्या वर्षीचा." "मोठी पोरगी पुराच्या अगोदरची, धाकटी पुराच्या मांगून." तेल्हाऱ्याकडच्या या गावाला आता नगरपंचायत आहे, दोन बँका आहेत, म्हणून आम्ही त्याला शहर म्हणतो. नदी मात्र अजून त्याला गावच समजते आणि मनात येईल तेव्हा घरात शिरते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झालो तेव्हा नगरपंचायतीची स्मरणिका निघायची होती, आणि तिच्यासाठी गावावर आलेल्या आपत्तींचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नवरदेवासारखा नटूनथटून कामाला लागलो. दुष्काळ लिहिला, गारपीट लिहिली, एक भूकंपही लिहिला. तो भूकंप नव्हता, खदानीतला सुरुंग होता, हे स्मरणिका छापून आल्यावर कळलं. पुढे वर्षभर चहाच्या टपरीवर माझं स्वागत ठरलेलं. "या गुरुजी, बसा. बाकडं हालून राह्यलं, लेहून घ्या!" मीही हसायचो. हसून सोडता येईल अशी तेवढी एकच चूक मी केली.

दुसरी चूक पुराची. जुना मोठा पूर पाहिलेली पारावरची मंडळी एका सुरात सांगत, "पानी मारुतीच्या कमरीपरेंत होतं." दहा जण एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर मला आणखी काय हवं! मी देवळात गेलो, देवाची माफी मागितली आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून त्याच्या कमरेची पातळी शाळेच्या भिंतीवर उतरवली. तिथे लाल ऑइलपेंटने जाड रेघ ओढली, वर लिहिलं, 'महापुराची रेषा'. खाली माझं नाव घालायचं होतं, पण मुख्याध्यापक नको म्हणाले. त्यांचे उपकार.

नदीकाठच्या बौद्ध वस्तीत मी विचारायला गेलोच नव्हतो. पाऱ्यासारखं पाणी सगळ्यात आधी जिथे चढतं, तीच वस्ती माझ्याकडून राहिली. तिथले एक म्हातारे बाबा आपणहून शाळेपाशी आले, काठी टेकून रेघ बघत उभे राहिले.

"मास्तर, हे रेघ कायची?"

"मोठ्या पुराची, बाबा."

"मंग चुकली. त्या पुरात आमच्या घराचं छप्पर बुडालं होतं. मी निंबावर बसून पाह्यलं."

"लहान होता तुम्ही. लहानपणी पाणी जास्तच वाटतं."

"पानी वाटत नाई, मास्तर. पानी असते."

मी वहीत टिपलं : 'वृद्धाच्या कथनात अतिशयोक्ती.'

या बाबांची मुलगी माझी विद्यार्थिनी. अकोल्याला नर्स होती, पुढे बाबांनाही तिथेच घेऊन गेली. पण बाबांचं मन तिथे रमेना. नोकरी संपल्यावर तिने ठरवलं, वस्तीतल्या स्वतःच्या जागेवर पक्कं घर बांधायचं आणि बाबांचे शेवटचे दिवस आपल्या माणसांत जाऊ द्यायचे. जोतं किती उंच घ्यायचं हे विचारायला ती दोघं माझ्याकडे आली.

"बाबा म्हनतात मानूसभर उचल. तुमी सांगा, सर."

मी तिला भिंतीशी नेलं. "या रेघेच्या पातळीला घे आणि निवांत झोप. उगाच मातीत पैसा कशाला घालतेस?"

"पोरी, मी झाडावर होतो वं," बाबा म्हणाले.

"बाबा, सरांनी मोजून लेहेलं हाय. छापून आलं."

ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, लेखी पुरावा बघा, हे तिला सातवीत मीच शिकवलं होतं.

गेल्या भादव्यात भर दुपारी पाणी आलं. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पाऊस पडला होता वर सातपुड्यात. मी शाळेच्या माडीवर इतर लोकांबरोबर उभा राहून बघत होतो. पाणी रेघेला टेकलं तेव्हा मी शेजाऱ्याला म्हणालो, "आता थांबते." त्यानंतर रेघ दिसलीच नाही. तिच्या नव्या घरात छातीभर पाणी भरलं. बाबांना लोकांनी खाटेवर घालून डोक्यावरून बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी देवळातला गाळ उपसताना पुजाऱ्याने मला विचारलं, "गुरुजी, तुमी कोनता मारुती मोजला होता?"

"हाच. दुसरा कुठेय?"

"पुराच्या वक्ताले हा याच्या दुप्पट होता ना बाप्पा! शेंदराची खोळ उतरली नं मंग."

मी फावडं खाली ठेवलं. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चढून मूर्तीवर जाड कवच झालं होतं. पुरानंतर काही वर्षांनी ते आपोआप गळून पडलं, आत निघाला हा बुटका मारुती. म्हाताऱ्यांचा हात पोचावा म्हणून ओटाही तेव्हाच उतरवला. ती खोळ गावाने वाजतगाजत नदीत विसर्जित केली होती. त्या मिरवणुकीत मी पुढे लेझीम खेळत होतो. इतिहासाचा शिक्षक!

काळी माती ओली होऊन फुगली, वाळून आकसली, आणि नव्या भिंती आरपार तडकल्या. ती दोघं अकोल्याला परत गेली. तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली आहे. बाबांना आता जिना उतरवत नाही. ही जागा विकून तिथेच तळमजल्यावर घर घ्यायचं, म्हणजे म्हातारा निदान दारात तरी बसेल, एवढाच तिचा विचार.

परवा एक गिऱ्हाईक आलं. भला माणूस, भातकुलीकडचा. जागा पसंत पडली त्याला. पण गावात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, पुराचं गुरुजींना विचार. जागा दाखवायला ती अकोल्याहून आली होती; आम्ही तिघं त्या तडकलेल्या भिंतीशी उभे होतो.

"गुरुजी, खरं सांगा. इथं पानी कुठवर येते?"

ती खाली बघत होती. एक शब्द पुरला असता. मला तोंडावर खोटं बोलायची सवय नाही, न तपासता खरं म्हणून सांगायची आहे.

"जमिनीवर उभा राहिलो तर माझ्या डोक्यावरून," मी म्हणालो.

त्याने माझे आभार मानले, गाडीला किक मारली.

मी तिच्याबरोबर स्टँडवर गेलो. बस लागली, ती खिडकीशी बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दुसरं गिऱ्हाईक बघू."

"त्यालेही तुमी खरंच सांगसान ना, सर?"

"हो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि काच ओढून घेतली.