आम्ही पाणी पिणं सोडलं होतं

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल मी बरीच वर्षं वाहतोय. ट्रक माझाच आणि चालवणाराही मीच. त्याआधीची उमेदीची वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या गाड्यांवर गेली होती. देवरूखजवळच्या माझ्या गावी परत येऊन स्वतःची गाडी घेतली तेव्हा मनाशी पक्कं केलं, की आता कोणाच्या हाताखाली राहायचं नाही. इथल्या ट्रकवाल्यांची एक संघटना होती. तिची माणसं सभासद करून घ्यायला माझ्याकडे आली, तर मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. संघटना म्हणजे आणखी एक मालक, असं माझं सरळ मत होतं.

कारखान्याच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागायची. सकाळी गाडी लावली की माल भरायचा नंबर कधी दुपारी, कधी संध्याकाळी. सगळा उघडा कातळ, सावलीला एक झाड नाही. गेटच्या आत, वॉचमनच्या खोलीला लागूनच, संडास-मुतारी होती. बाहेरून दार दिसायचं, पण ते कामगारांसाठी. आम्हाला आत पाय टाकायची परवानगी गाडीसकट, नंबर लागल्यावरच. मग माणसं कुंपणाच्या भिंतीआड जायची. कंपनीने त्या भिंतीवर ओळीने देवांच्या चित्रांच्या फरशा बसवून घेतल्या. आमच्यासाठी एक दार उघडणं त्यांना जमलं नाही, पण देवांना मुतारीच्या राखणीला उभं करणं जमलं. त्या फरशा पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी वॉचमनला विचारलं, "दोन मिनिटं आत जाऊन येऊ दे की."

"ड्रायव्हर लोकांना परवानगी नाय," तो म्हणाला. "मला बोलू नका, साहेबांना बोला."

मी बोललो. माल भरण्याचं काम बघणारा साहेब माझ्याहून वयाने बराच लहान. त्याने मान वरही केली नाही. म्हणाला, "तुम्ही लोक घाण करता." मी म्हटलं, "तुमचा माल गोव्यापासून गुजरातपर्यंत नीट पोचवतो, तेव्हा आम्ही स्वच्छ असतो काय?" त्यावर त्याने मान वर केली. दुसऱ्या दिवशी वॉचमनने गाडी रांगेतच घेतली नाही. "तुमच्या गाडीला लोड द्यायचा नाय, असं सांगितलंय." कारण कोणी सांगितलं नाही, आणि ते विचारायला आत कोणी सोडलं नाही.

त्या गेटवर चिपळूणकडचे एक काका यायचे. तेही माझ्यासारखेच, एकाच गाडीचे मालक. साखरेचा आजार जडलेला, पण गाडी सोडवत नव्हती. संघटना निघाली तेव्हापासूनचे ते सभासद. माझी हकिकत ऐकून ते म्हणाले, "बोल्लास ते बरोबर बोल्लास. पण एकटा बोल्लास. चल माझ्याबरोबर."

माझ्या मनात नव्हतं, पण गाडी दारात उभी होती. गेलो. अध्यक्ष गोड बोलणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या पुष्कळ गाड्या, पण स्टिअरिंगला हात लावून कैक वर्षं झालेली. त्याने माझ्यासमोरच कंपनीत फोन लावला. हसतखेळत बोलणं झालं, कोणाच्या तरी लग्नाची चौकशी झाली, मध्येच माझा विषय निघाला आणि तिथेच संपला. मी सभासद झालो आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी रांगेत. संघटनेचा फायदा मला झाला, हे मी नाकारत नाही. पण घरी येताना आनंद काही वाटला नाही. चूक माझी नव्हती, हे त्या फोनवर कोणी म्हणालंच नव्हतं. माझ्यावर मेहेरबानी झाली होती.

बायको गावातल्या बचत गटात असते. ती म्हणाली, "आता सभासद झालात ना? मग सभेत तोंड उघडा. आम्ही बायका आमच्या अध्यक्षीणबाईला कशा धारेवर धरतो, या एकदा बघायला."

सभा एका हॉलमध्ये झाली. हार-तुरे झाले, दसऱ्याला गाड्यांची पूजा कुठे करायची यावर भरपूर चर्चा झाली. मी उठून संडासाचं काढलं. पाण्याच्या नळाचंही बोललो. आधी कोणाला कळेनाच की मी गंभीर आहे. मग अध्यक्ष हसत म्हणाले, "अहो, ड्रायव्हर माणूस तुम्ही. एवढं कोकण मोकळं पडलंय की!"

सगळा हॉल हसला. जे माझ्याबरोबर रांगेत उभे राहायचे तेसुद्धा हसले. फक्त काका हसले नाहीत. मी खाली बसलो तेव्हा माझे कान तापले होते. वाटलं, उठावं आणि सभासदत्व तोंडावर फेकून निघावं. काकांनी माझा हात धरून ठेवला होता.

पुढच्या मे महिन्यात ते झालं. दुपारची वेळ, कातळ तव्यासारखा तापलेला. काकांची गाडी माझ्या मागेच होती. मी त्यांना हाक मारली, उत्तर नाही. जाऊन बघतो तर ते स्टिअरिंगवर कलंडलेले, डोळे अर्धवट उघडे. शेजारी पाण्याची बाटली तोंडापर्यंत भरलेली, बूचही न काढलेलं. आम्ही त्यांना उचलून वॉचमनच्या खोलीच्या सावलीला न्यायला लागलो, तर वॉचमन आडवा आला. "आत नको, मला विचारावं लागेल." त्याच्या तोंडावरही घाम फुटला होता. नोकरीची भीती त्यालाही होती, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी त्याला नाही नाही ते बोललो. शेवटी रिक्षात घालून काकांना सिव्हिलला नेलं.

सलाईन लागल्यावर ते जरा शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, पाणी कधी प्यायलात?"

"सकाळपासून नाय," काका म्हणाले. "प्यालो की सारखं जावं लागतं. आणि जायचं कुठं?"

आम्ही सगळेच तसं करायचो. गेटवर जायचं असलं की पाणी प्यायचं नाही, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे हेही आम्ही विसरलो होतो.

काकांच्या मुलाला फोन करून, तो येईपर्यंत थांबून, मी गेटवर परतलो. माझा नंबर लागला होता. वॉचमन म्हणाला, "चला, गाडी आत घ्या."

मी गाडी बरोबर गेटच्या तोंडाशी नेली, बंद केली, किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरलो. "नाही घेणार."

आधीपासून काही ठरवलं नव्हतं. रांगेत नुकताच येऊन लागलेला सांगलीकडचा एक ड्रायव्हर चालत पुढे आला, संघटनेशी त्याचा काही संबंध नाही. त्याने विचारलं, "का हो, काय झालं?" मी काकांचं सांगितलं. तो परत गेला, गाडी बंद केली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग एकेक करून बाकीचे आले. आतल्या भरलेल्या गाड्या बाहेर निघेनात. साहेब येऊन ओरडून गेला. आम्ही हललो नाही.

थोड्या वेळाने गाडीतून अध्यक्ष उतरले. ते तडक माझ्याकडेच आले. "तुम्हाला हा अधिकार कोणी दिला? संघटनेचं नाव खराब होतंय. आधी गाडी काढा."

मी म्हटलं, "काकाही तुमचेच सभासद आहेत. ते सिव्हिलमध्ये आहेत. तुम्ही तिकडे न जाता इकडे आलात."

त्यांना हे माहीत नव्हतं. कंपनीने फोनवर फक्त गेट अडवल्याचं सांगितलं होतं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच त्यांनी रांगेतल्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे मोर्चा वळवला. "तू तरी गाडी बाजूला घे."

तो पगारी माणूस, उलट कसा बोलणार? तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, गाडी गरम झालीय. सुरू होत नाय."

कोणी हसलं नाही. सभेत हसलेले दोघे-तिघे पुढे येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. अध्यक्षांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग ते आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आमच्या वतीने काही मागितलं असेल. अंधार पडायच्या आत मॅनेजर बाहेर आला, संडासाचं दार आमच्यासाठी उघडं ठेवायचं कबूल केलं, पाण्याचा नळही आठवड्याभरात बसला.

नळाला नारळ फोडायला अध्यक्ष हार घालून आले. गेटवर फलक लागला, त्यांच्या फोटोसकट: संघटनेच्या प्रयत्नांना यश. काकांना कोणी बोलावलंसुद्धा नाही. ते बरे झाले, पण मुलाने पुन्हा गाडीवर बसू दिलं नाही. ट्रक विकला गेला. मी त्यांना भेटायला चिपळूणला गेलो तेव्हा फलकाचं सांगून तावातावाने बोलत सुटलो. ते म्हणाले, "त्याचा फोटो लागू दे. तू कमिटीत जा." मला ते पटलं नाही. फलकाचा राग मला अजून आहे, आणि तो जावा असं वाटतही नाही.

कमिटीत मात्र मी गेलो. एकाच गाडीचे मालक असलेल्यांनी मला निवडून दिलं. नवे ड्रायव्हर विचारतात, संघटनेत जाऊन फायदा आहे का? मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगतो. माझं गेलेलं काम एका फोनने परत आलं. पण संडासाचं दार फोनने उघडलं नाही, आणि ज्याने पहिल्यांदा माझ्या शेजारी उभं राहून ते उघडायला लावलं, तो सभासद नव्हता.

परवाच्या बैठकीत मी गेटबाहेर पत्र्याची शेड मागितली. एकजण म्हणाला, "आता काय केबिनला एसी पण मागणार?" मी त्याला म्हटलं, मे महिना चालू आहे, उद्या गेटवर माझ्या शेजारी येऊन बसा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मग सांगा. तो आला नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकललाय. मी तो पुन्हा काढणार आहे.