नॉरिसरावांची मुकी शिवी

शिवी छापताना आपण अक्षरांच्या जागी फुल्या टाकतो. त्या हिशेबानं नॉरिस एन्टविसल यांचं शनिवारचं बोलणं छापायला घेतलं, तर छापखान्यातल्या फुल्या मध्यंतराच्या आधीच संपतील.

थॉर्नक्लफ टाउन या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर, पूर्वेच्या स्टँडमध्ये, एच रांगेतल्या चौदा नंबरच्या खुर्चीवर ते एकतीस वर्षं बसले. तेरा नंबरवर मी. आमचा संघ चौथ्या विभागात खेळतो आणि पाचव्यात जायची त्याला कायम घाई असते, त्यामुळे शिव्यांना विषयाचा तुटवडा कधी पडला नाही. रेफ्रीचे डोळे, रेफ्रीचा बाप, बापाचे डोळे, अशी नॉरिसरावांची गाडी निघायची आणि वाटेत कुठलाही थांबा चुकवायची नाही. गाडी हा शब्द उगाच वापरत नाही. अडतीस वर्षं त्यांनी गावची बस चालवली. एवढ्या वर्षांत एका उतारूला कधी वावगा शब्द नाही. "सावकाश उतरा हं ताई, पायरी ओली आहे," असं पावसात मागे वळून सांगणारा माणूस. मात्र सोमवार ते शुक्रवार जे गिळलेलं असे, ते शनिवारी तीन वाजता शिट्टी वाजली की बाहेर पडे.

"अरे ए लाइन्समन, फुल्याफुल्याच्या! ते निशाण कशाला दिलंय तुला? नाक पुसायला?"

त्यांना आवर घालायला पंधरा नंबरवर त्यांची बायको बसायची, आयरीनबाई. मांडीवर विणकाम आणि कोपर सदैव तयार. कोपर कमी पडलं तर बाईंकडे दुसरा इलाज होता. आमच्याकडे सामन्याच्या पुस्तिकेच्या मागे एक फोन नंबर छापलेला असतो. शेजारचा कुणी अर्वाच्य बोलत असेल तर त्याचा खुर्ची नंबर तिथे मेसेजनं कळवायचा, नाव गुप्त राहतं. आयरीनबाई शेजारी बसून, सुया बगलेत धरून, सख्ख्या नवऱ्याविरुद्ध तक्रार पाठवायच्या. मग मॉरीन यायची. ही आमच्या स्टँडची देखरेख करणारी बाई, पिवळ्या जाकिटात, पायऱ्या चढून धापा टाकत.

"एच चौदा! तक्रार आहे तुझी."

"कुणाची?"

"ते सांगायचं नसतं."

आयरीनबाई टाके मोजत असायच्या. "शेजार वाईट आहे इथला," नॉरिसराव आकाशाकडे बघून म्हणायचे आणि दहा मिनिटं गप्प बसायचे. संसार असाही होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी आयरीनबाई गेल्या. माझं औषधाचं दुकान आहे. दर मंगळवारी नॉरिसराव रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. खरं तर महिन्याभराच्या एकदम नेता येतात, पण ते आठवड्याच्याच मागतात. "नेहमीच्याच, पोरा." मी बावन्न वर्षांचा आहे. "हवा गार आहे." "गारच आहे." बस. घरात आवाज नको म्हणून टीव्ही लावत नाहीत, की आवाज हवा म्हणून लावतात, ते मला माहीत नाही. पण शनिवारी पहिली शिवी देताना त्यांचा घसा खरखरायचा, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. आठवड्यात त्यांनी मोठ्यानं उच्चारलेला तो पहिलाच शब्द असावा असं मला वाटायचं.

त्यात या मोसमात क्लबानं आमचा स्टँड कुटुंबांसाठी राखून ठेवला. जुन्यांना उठवलं नाही, पण पत्र आलं: मुलांसमोर शिवीगाळ चालणार नाही. मोसमात तीन तक्रारी झाल्या की खुर्ची बदलून पलीकडच्या उघड्या टोकाला. तिथे छप्पर नाही, पोरंबाळं नाहीत, आणि वारा थेट टेकडीवरून येतो.

पंधरा नंबरवर फ्लॉसी आली. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिच्या पलीकडे तिची आई जेमा. पहिल्याच दिवशी फ्लॉसीनं खिमा भरलेल्या पेस्ट्रीचा खरपूस काठ नॉरिसरावांना देऊ केला आणि विचारलं, "तुमच्याबरोबर कुणी नाही आलं?"

"तू बसलीयस ना तिच्या जागेवर," ते म्हणाले. "आता कोपर मारायचं काम तुझं."

पोरीनं ते मनावर घेतलं. पण सात वर्षांच्या कोपरात जोर तो किती! ऑक्टोबरपर्यंत मागच्या रांगांतून कुणीतरी दोन तक्रारी केल्या. मॉरीन दोन्ही वेळा आली, दोन्ही वेळा तिचा चेहरा पडलेला.

"नॉरिस, आता एकच उरली हं. देवाच्यान सांगते, मला ही खुर्ची तुझ्या ढुंगणाखालून काढायला लावू नकोस."

"मुलं आहेत, मॉरीन. ढुंगण म्हणू नये."

त्यानंतरच्या मंगळवारी नॉरिसराव दुकानात आले आणि गोळ्या घेऊन लगेच गेले नाहीत. काउंटरवर पिशवी ठेवून उभे राहिले.

"पोरा, घरातल्या तिच्या खुर्चीकडे मला बघवत नाही. मैदानावरच्या तिच्या खुर्चीशेजारी मात्र बसवतं. माझी तिथली जागा गेली तर मी बसू कुठे?"

"मग शिव्या सोडा ना."

"तीस वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडतं." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "उघडू दे. आवाज नाही काढला म्हणजे झालं!"

नॉरिसरावांचे आईबाप दोघंही इथल्या गिरणीत विणकर. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीतले लोक आवाजाशिवाय, नुसते ओठ मोठे मोठे हलवून बोलायचे. शंभर पावलांवरून चहाला बोलवायचे, चहाड्या करायचे, लग्नं जुळवायचे. गिरण्या गेल्या, ते ओठही बहुतेक गेले. नॉरिसराव शिकलेल्या शेवटच्यांपैकी.

पुढच्या शनिवारी आमच्याविरुद्ध पहिला फाउल दिला गेला आणि नॉरिसराव उठले. मूठ वर, मान लाल, तोंड गुहेसारखं उघडं, आणि आवाज शून्य. ओठांनी त्यांनी रेफ्रीच्या सात पिढ्या काढल्या. एकेक अक्षर असं घडवून की दगडात कोरून घ्यावं. मी हसून हसून चहा सांडला. मॉरीन पायऱ्यांवरून बघत होती. तिनं पुस्तिकेतले नियम चाळले आणि खांदे उडवले. मुक्या शिवीबद्दल त्यात काही नव्हतं.

चार सामने असे छान गेले. फ्लॉसी सामना बघायचंच सोडून देऊन नॉरिसरावांच्या तोंडाकडे टक लावून बसायची. आम्हाला वाटलं, पोरीला गंमत वाटते.

पाचव्या सामन्यात आमचा चांगला गोल ऑफसाइड ठरला. स्टँडमध्ये क्षणभर सुन्न शांतता पसरली. त्या शांततेत फ्लॉसी खुर्चीवर उभी राहिली, मूठ वर केली, आणि नॉरिसरावांचं अख्खं वाक्य, रेफ्रीच्या बापापासून आजीपर्यंत, खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. दात नसल्यामुळे दोन-तीन फुल्या हवेत उडाल्या, बाकी सगळ्या जागच्या जागी.

स्टँडमध्ये हशा कोसळला. लोक पोटं धरून हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. जेमा लाल झाली. "फ्लॉसी! कुठे शिकलीस हे?"

"नॉरिस आजोबांच्या तोंडावर लिहिलेलं असतं," फ्लॉसी म्हणाली आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे वळली.

नॉरिसराव हसत नव्हते. जेमा म्हणाली, "जाऊ द्या हो, शाळेत याहून वाईट ऐकते ती." त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईबाप स्वयंपाकघरात बिनआवाजी भांडायचे. पोराला कळू नये म्हणून. मी सगळं वाचायचो. किती वर्षांचा होतो माहितीय? सहा."

मध्यंतरात ते चहा आणायला उठले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटा जुना फोन काढला, जांभळ्या लोकरीच्या पिशवीतला. जाड बोटानं बराच वेळ काहीतरी दाबत बसले. पिशवी कुणी विणलेली ते मला ठाऊक होतं.

दुसरा भाग सुरू झाल्यावर मॉरीन आली. या वेळी धापा टाकत नव्हती, एकेक पायरी मोजत येत होती. हातातला फोन तिनं नॉरिसरावांच्या नाकासमोर धरला.

"एच चौदा. तक्रार आहे." तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "नॉरिस, हा नंबर आयरीनचा आहे."

"नाव गुप्त असतं."

"अरे मूर्खा, पोरीच्या आईची तक्रार नाही, कुणाचीच नाही! मी ही खोडून टाकते."

"तिची तक्रार तू आजवर कधी खोडलीस का?" नॉरिसराव म्हणाले. "तिसरी आहे. तुझं काम कर, मॉरीन."

ते उठले. फ्लॉसीच्या टोपीवर हात ठेवला, मला "येतो, पोरा" म्हणाले आणि सावकाश पायऱ्या उतरले. ओली पायरी आली तेव्हा सवयीनं मागे वळून बघितलं.

आता ते उघड्या टोकाला असतात. चौदा नंबरवर एका बाळाची पिशवी बसते. मंगळवारी गोळ्या नेतात, हवा गार असते. मी एकदा विचारलं, "तिकडे बरं आहे ना? मोकळेपणानं शिव्या देता येत असतील."

"वारा फार आहे," ते म्हणाले.

गेल्या शनिवारी शेवटच्या मिनिटाला आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. ढळढळीत चूक. उघडं टोक पिसाळलं, तिकडचा गदारोळ मैदान ओलांडून आमच्यापर्यंत आला. फ्लॉसीनं वाढदिवसाला मिळालेली दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसले का गं?" मी विचारलं. "काय म्हणतायत?"

ती बराच वेळ बघत राहिली.

"काही नाही. तोंड बंद आहे."

"नीट बघ."

"बघतेय. सगळे ओरडतायत. त्यांचं एकट्याचं बंद आहे."

मग तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली, खुर्चीवर उभी राहिली, आणि त्या टोकाकडे तोंड करून ओठ मोठे मोठे हलवले. आवाज न काढता. मला गिरणीची भाषा येत नाही, पण एवढं वाचता आलं. चार फुल्यांचं होतं. जेमा पुस्तिका चाळत होती, तिनं पाहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही. फ्लॉसीनं पुन्हा दुर्बीण लावली आणि उत्तराला थांबली.

पेनल्टीचा गोल झाला. लोक उठून फाटकांकडे निघाले. ती अजून बघतच होती.