करंगळीएवढी मोकळी जागा

तळहाताएवढ्या बोर्डावर चाळीस रेघा काढायच्या आणि एकीनेही दुसरीला शिवायचं नाही. जमेल तुम्हाला? मला जमत नसे. मी ब्रश ठेवला की मला काम शिकवणाऱ्या अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, "वाट शे. तुले दिसस नही."

जळगावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही शेतातल्या मोटारींसाठी पेट्या बनवायचो. तीन फेजपैकी एक गेला की पेटी मोटार बंद करायची, म्हणजे मोटार जळत नसे. आतल्या बोर्डाच्या एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असायचा, त्यावर अक्का रंगाने रेघा काढायच्या. बोर्ड ॲसिडमध्ये टाकला की रंगाखालचं तांबं उरायचं, बाकीचं विरघळायचं. उरलेल्या रेघांतून वीज जायची.

दोन्ही बाजूंना तांबं असलेला बोर्ड आम्हाला परवडत नव्हता. एक रेघ दुसरीपाशी अडली की अक्का बोर्डावर बसवलेल्या पार्टचे कापून पडलेले तारेचे पाय वेचायच्या आणि त्यांचा पूल करून पलीकडे जायच्या. केर काढणाऱ्या बाईला दम होता, "मना टेबलखाले झाडू नको."

एकदा मी अख्खा बोर्ड उलटा काढला. आरशात दिसावा तसा. वाटलं, नोकरी गेली. अक्कांनी तो फिरवून पाहिला. "आते बठ्ठा पार्ट पोटवर बसाड," म्हणाल्या, आणि वर हसल्या. पार्ट नेहमीच्या बाजूऐवजी तांब्याच्या बाजूने बसवले, आणि बोर्ड चालला.

मग मालकांनी लहान पेट्या आणल्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून. बोर्डही लहान करायचा होता. अक्कांनी पार्ट उभे केले, पूल वाढवले, तरी चार रेघा उरल्या.

मालकांनी बोट ठेवलं. "अक्का, ही एवढी जागा रिकामी कशाला? इथे बसतील की चार."

मोटारीच्या जाड रेघा आणि बटणाकडे जाणाऱ्या बारीक रेघा यांच्यात त्या करंगळीएवढी जागा कायम मोकळी सोडत. तिथे धूळ आणि ओल साचली तरी वीज पलीकडे जाऊ नये म्हणून.

"भाऊ, तठे मी रेघ काढाव नही. वल्ला हातनं बटन दाबनारा मरी जाई."

"पेट्या परत जाणार नाहीत, अक्का."

"मंग मी जास."

त्यांनी ब्रश धुतला, चपला घातल्या आणि गेल्या. शिंदखेड्याला भावाकडे गेल्या असं नंतर कळलं. मालक माझ्याकडे वळले, "तू काढ." रात्री घरी वहीत जुलमाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारा मी. मी काढल्या.

त्या पेट्या रावेर, एरंडोलकडे गेल्या. करड्या रंगाच्या आहेत, बटण लाल. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवर असेल, तर आधी खांबावरचे फ्यूज काढा. मग चार स्क्रू सोडून बोर्डाची मागची बाजू बघा. जाड आणि बारीक रेघांमध्ये करंगळी मावत नसेल, तर ती पेटी पुन्हा लावू नका. आणि आजच बघा, शेताला पाणी सोडायच्या आधी.