दोन हातांत दोन कार्डं

सांगलीला डी.एड.च्या वर्गात परवा मॅडमनी ती कार्डं बाहेर काढली आणि मला हसू फुटलं. मॅडमना ते झोंबलं. पुठ्ठ्याचं चौकोनी कार्ड, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, चार कडांना बारीक अक्षरांत अ, ब, क, ड. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं. शिक्षकानं प्रश्न विचारायचा, मुलानं बरोबर वाटणाऱ्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचं, शिक्षकानं मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, ते लगेच मोबाईलवर येतं. मॅडम सांगत होत्या की शेजारच्याचं उत्तर शेजारच्याला कळत नाही, म्हणून कच्चं मूल उघडं पडत नाही, हीच या साधनाची खरी गंमत. तिथं मी हसले. हसण्यासारखं काय आहे ते वर्गाला सांग, म्हणाल्या. मी सांगितलं नाही. इथं सांगते.

आमचं गाव तासगावजवळचं. द्राक्षं, बेदाणा आणि फौजी, एवढंच गावात पिकतं. मी सहावीत होते तेव्हा गावातल्या फौजींनी वर्गणी काढून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला मोठा टीव्ही दिला. टीव्हीखाली पितळी पाटी बसवली आणि तिच्यावर देणाऱ्यांची नावं कोरली. माझ्या वडिलांचं नाव वरून दुसरं होतं. दिलेल्या वस्तूचं पुढं काय चाललंय ते देणाऱ्याला दिसलं पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. देवळाला घंटा दिलेला माणूस जाता-येता ती वाजवून बघतो. पण हे सगळे कुठं राजस्थानात, कुठं आसामात. म्हणून आमच्या बाईंनी त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. दर शनिवारी ह्याच कार्डांची चाचणी व्हायची, मोबाईलवरचा निकाल टीव्हीवर दिसायचा आणि त्याचा फोटो त्या ग्रुपवर टाकायच्या. बरोबर असेल त्याचं नाव हिरवं, चुकेल त्याचं लाल. मॅडमचं साधन कोणाला उघडं पाडत नसेल. मला त्यानं पार आसामपर्यंत उघडं पाडलं.

माझं नाव दर शनिवारी लाल. मला दशांश अपूर्णांक कळत नव्हते. पॉइंटनंतर शून्य आलं की संख्या मोठी झाली की लहान, हे मी दर वेळी नव्यानं ठरवायची आणि दर वेळी चुकायची. त्या लाल रंगानं मला चुकलं एवढं सांगितलं, का चुकलं ते एकदाही सांगितलं नाही. आणि बाई तरी कधी सांगणार? त्या आधी पाढे घ्यायच्या, फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायच्या. टीव्ही आल्यापासून त्यांचा निम्मा तास कॅमेरा फिरवण्यात जायचा आणि निम्मा फोटो नीट येण्यात.

वडिलांचा फोन रविवारी यायचा. आधी ते माझ्याशी बोलायचे. काय खाल्लंस, म्हशीला रेडकू झालं का, आईला त्रास देतेस का, असलंच काहीबाही. त्या दहा मिनिटांवर माझा आठवडा चालायचा. मग लाल फोटो जायला लागले आणि एका रविवारी ते म्हणाले, "माज्या नावाच्या पाटीवर तुजं लाल नाव लोंबतंय. हितं गावची पोरं रोज इचारत्यात. तुजं नाव हिरवं हुईल तवा फोन घे. तवर न्हाई."

मला वाटलं, रागात बोलले. पण फौजी माणूस, बोलला म्हणजे हुकूम. पुढच्या रविवारपासून फोन आईकडं जायचा, मग चुलत्याकडं, मग माझ्या चुलत बहिणीकडं. आमचं घर एकत्र होतं आणि ती माझ्याच वर्गात होती, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, म्हणून ताई म्हणायचं. तिचं नाव कायम हिरवं. वडील तिला शाब्बासकी द्यायचे आणि मला ऐकू यावं म्हणून ती फोन स्पीकरवर ठेवायची. मी उंबऱ्यावर बसून ऐकायची. मला गणित यायला नको होतं. मला फोन हवा होता.

मार्चच्या सुमारास शाळेची तपासणी लागली. साहेब येणार, टीव्ही बघणार, कार्डं बघणार. आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायची जुनी पद्धत होती. आता हजेरी ऑनलाइन झाल्यामुळं ते जमत नव्हतं. म्हणून बाईंनी आम्हा पाच जणांची क्षेत्रभेट काढली. बेदाणा कसा तयार होतो ते बघून या, म्हणाल्या, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींबरोबर आम्हाला शेडवर पाठवलं. तासगावच्या पोरांना बेदाणा दाखवायला. आमच्यातल्या निम्म्यांच्या आया त्याच शेडवर कामाला होत्या.

शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती आणि गंधकाचा वास नाकात चढत होता. बायका खाली बसून हिरवा बेदाणा एकीकडं, काळा एकीकडं करत होत्या. एकीनं विचारलं की शाळेच्या वेळात पोरं इथं कशी. मावशी म्हणाल्या, "हुशार हायती ती साळंत बसल्यात. ही उरल्याली." कोणी हसलंही नाही, इतकं ते साधं उत्तर होतं. त्या बाईनं आम्हाला मूठमूठ काळे बेदाणे दिले. गोड होते. त्यातून कोणाला बोध घ्यायचा असेल तर घ्यावा. मला भूक लागली होती.

त्या दिवशी संध्याकाळी फोन आला, रविवार नसताना. वडिलांनी आईला दुसरं काही बोलूच दिलं नाही. माझी पोरगी कुठं आहे, असं विचारलं. आईनं फोन माझ्या कानाला लावला. वडील म्हणाले, "शाब्बास माजी वाघीण. समद्या गावाम्होरं हिरवं नाव! म्या हितं जिलेबी वाटली." मला काही कळेना. मी दारात बघितलं. ताई तिथं उभी होती. तिनं हसत दोन्ही हात वर केले आणि दोन कार्डं धरल्यासारखी बोटं धरून दाखवली.

मग कळलं. आम्हाला शेडवर पाठवलं तरी आमची नावं टीव्हीवर कोरी राहणार होती. त्यावर बाईंनी तोडगा काढला होता. कॅमेरा कार्ड वाचतो, कार्डामागचं तोंड वाचत नाही. आमची पाच कार्डं त्यांनी पाच हुशार मुलांच्या दुसऱ्या हातात दिली. साहेब खूश होऊन गेले. ते सारा वेळ टीव्हीकडं बघत होते, वर्गात किती डोकी आहेत ते त्यांनी मोजलंच नाही.

फोनवर मी "व्हय पप्पा" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी विचारलं, रेडकू केवढं झालं. मी हातानं दाखवलं, मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही.

बाईंना तो हिरवागार फोटो इतका आवडला की त्यांनी तोच पायंडा पाडला. दुसऱ्या दिवशी माझं कार्ड मागायला गेले तर म्हणाल्या, राहू दे तिच्याकडं, तुझे वडील किती आनंदले बघ, ग्रुपवर अंगठे पाठवत होते. मग शनिवारची चाचणी अशीच व्हायची. ताईच्या दोन हातांत दोन कार्डं, शेजारी मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. प्रश्नही मी हळूहळू ऐकेनाशी झाले. ऐकून करायचं काय?

ताईनं याचं मोल घेतलं. तिच्या वाट्याची भांडी मी घासायची, तिचं दप्तर मी न्यायचं, रात्री तिचे पाय चेपायचे. पाय चेपताना ती मला दशांश अपूर्णांक समजावून सांगू शकली असती. एकदा मी म्हणाले तसं. ती म्हणाली, "तुला आलं तर माजं पाय कोन चेपंल?" एका शुक्रवारी माझ्याकडून तिचा गणवेश धुवायचा राहिला. शनिवारी बाईंचा कॅमेरा आमच्या बाकावर आला आणि तिनं माझं कार्ड सावकाश फिरवलं, माझ्याकडं बघत. मी लाल. रविवारी वडिलांनी माझ्याशी बोलायला नकार दिला आणि तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलले. त्यानंतर मी गणवेश कधी राहू दिला नाही.

एप्रिलच्या अखेरीस वडील सुट्टीवर आले. येताना कॅन्टीनमधून माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं होतं, गुलाबी पट्ट्याचं. डबी उघडून मला दाखवली आणि परत खिशात ठेवली. म्हणाले, हे वर्गात, सगळ्यांसमोर. शिवाय त्यांना तो टीव्ही बघायचा होता. वर्गणी दिली, फोटो बघितले, पण टीव्ही त्यांनी अजून डोळ्यानं बघितला नव्हता. मी आईला म्हणाले की त्यांना शाळेत पाठवू नकोस. तिनं कारण विचारलं. मी ताईच्या वाट्याची भांडी घेऊन मोरीकडं गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात आले. आधी पाटीपाशी गेले आणि रुमालानं आपलं नाव पुसलं. बाईंची धांदल उडाली, पण त्यांना वाटलं असणार, साहेबांसारखे हेही टीव्हीकडंच बघत राहतील. त्यांनी कार्डं नेहमीसारखी वाटली. मी ताईला खालच्या आवाजात म्हणाले, आज माझं मला दे. ती म्हणाली, "चुकलीस तर?" आणि मी पुढं केलेला हात मागं घेतला, कारण मी चुकणार होते.

प्रश्न आला. बाईंनी कॅमेरा फिरवला. टीव्हीवर माझं नाव हिरवं झालं आणि वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला. त्यांना माझा कार्ड वर धरलेला फोटो हवा होता. ते वळले, मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि बाकावरून बाकावर सरकवत माझ्यापर्यंत आणला. तिथं तो थांबला. ताईचे दोन्ही हात वर होते. माझे मांडीवर होते.

वडिलांनी फोटो काढला नाही. मोबाईल खिशात ठेवला, दुसऱ्या खिशातून डबी काढली आणि ओळीतून चालत आमच्या बाकापाशी आले. मी उभी राहिले. उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी राहिले. त्यांनी ताईचा डावा हात हातात घेतला, तिच्या मनगटावर घड्याळ बांधलं, पट्टा सैल होता म्हणून एक भोक आत घेतलं.

"ज्याच्या हातात कार्ड, त्याच्या हातात घड्याळ," एवढंच म्हणाले. बाईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणून वर्गानंही वाजवल्या. ते माझ्याकडं न बघता निघून गेले. बाईंना त्यांनी एक शब्द विचारला नाही. शेडवर कोणी पाठवलं, कार्ड कोणी काढून घेतलं, काही नाही. ज्या माणसानं माझ्याशी बोलण्याला हिरव्या रंगाची अट घातली त्यालाही त्यांनी काही विचारलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं ते माझ्याशी आईमार्फत बोलले. तिला सांग जेवायला बस म्हणावं. तिला सांग दहावीचा फॉर्म भर म्हणावं. दशांश अपूर्णांक मी आठवीत एका मैत्रिणीच्या भावाकडून शिकले, अर्ध्या तासात. अर्ध्याच तासाचं काम होतं ते.

आता वडील निवृत्त होऊन घरी आहेत. ताई लग्न होऊन साताऱ्याला गेली. मी रविवारी एसटीनं गावी जाते तेव्हा ते आपला मोबाईल घेऊन माझ्यापुढं येऊन बसतात. पेन्शनचं काही भरायचं असतं, बागेच्या विम्याचं असतं. चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "जरा बघ की गं. ओटीपी आलाय."

मी म्हणते, "ताईला फोन लावा पप्पा. तिचा हात चांगला हाय."

मी पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग त्यांनी खरंच साताऱ्याला फोन लावला. अजूनही लावतात. तिनं तिकडं आपल्या मोबाईलवर भरावं म्हणून स्पीकरवर एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात, ताईचं पोर मागं रडत असतं, तिला नीट ऐकू येत नाही, ती परत विचारते, आणि तोवर ओटीपीची मुदत संपते. मग ते फोन खाली ठेवतात. मी समोरच बसलेली असते, दोन्ही हात मांडीवर ठेवून.