बावन्नातून सत्तावीस

मी शिक्षकांना शिकवायला जाते, असं सांगितलं की लोक हसतात. शिक्षक मात्र हसत नाहीत, ते चहा मागवतात. कर्जत तालुक्यातल्या काही जिल्हा परिषदेच्या शाळा माझ्याकडे आहेत. स्कूटीवरून जायचं, वर्गात मागे बसून तास पाहायचा आणि मग शिक्षकाबरोबर बसून काय बदलता येईल ते ठरवायचं, एवढंच माझं काम. पण मला वर्गापर्यंत पोचू द्यायचं नाही असा जणू सगळीकडे ठराव झालेला असतो. आधी चहा, मग परसबाग, जानेवारी असेल तर शेजारच्या वावरात हुरडा. हुरडा संपेपर्यंत शाळा सुटायची वेळ होते. मला हुरडा फार आवडतो, त्यामुळे सगळा दोष त्यांना देता येत नाही.

एका दोनशिक्षकी शाळेतले तिसरीचे गुरुजी मात्र वेगळे निघाले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा की शेजारच्या वस्तीवरही वजाबाकी ऐकू जावी. त्यांनी मला थेट वर्गात नेलं. "लहानातून मोठा जातो का?" त्यांनी विचारलं. "जात न्हाई!" एकोणीस पोरांनी छप्पर हलवलं. "मोठ्यातून लहान?" "जातो!" गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचं समाधान होतं.

मला एकसुरी उत्तरांची चीड आहे. चार पोरांना येत असतं, बाकीची त्यांच्या मागून ओरडतात आणि शिक्षकाला वाटतं सगळ्यांना आलं. मी म्हटलं, "गुरुजी, आता पाट्या काढायला सांगा. बोलायचं नाही, लिहायचं. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि मगच पाट्या वर करायला सांगा."

बावन्नातून सत्तावीस गेले, राहिले किती? पाट्या वर झाल्या. पंचवीस फक्त चार पाट्यांवर होते. बहुतेक पाट्यांवर पस्तीस. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा पाट्या पाहिल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी मी इतकी वर्षं केलं काय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी पडले खरं बोलणारी. शाळेच्या शेरेबुकात भेटीला येणारा प्रत्येकजण 'अध्यापन समाधानकारक' असं लिहून सही ठोकतो. मी लिहिलं, 'वजाबाकी एकोणीसपैकी चार विद्यार्थ्यांना येते.' आणि स्वतःवर खूश होत घरी आले. महिनाअखेरीच्या शिक्षण परिषदेत, परिसरातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर, तो शेरा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. गुरुजी डबा न उघडताच निघून गेले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढच्या भेटीला गेले तेव्हा गुरुजी फाटकातच उभे. "या, मॅडम." आवाज गोड, चेहरा कोरा. वर्गात पोरं पाट्या मांडीवर पालथ्या ठेवून तयार बसलेली. गुरुजींनी सुरुवात केली, "बावन्नातून..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत एकोणीस पाट्या वर गेल्या. सगळ्यांवर पंचवीस. पहिल्या रांगेतल्या एकीनं तर पाटी उलटी धरली होती.

माझं डोकं फिरलं. मीच उठून विचारलं, "एकसष्टातून चोवीस?" पाट्या पुन्हा वर. पुन्हा पंचवीसच. उलट्या पाटीवाली मुलगी मला समजावून सांगायला लागली, "मॅडम, ह्यो प्रश्न ठरला न्हवता."

मला हसू आवरेना. गुरुजी मात्र हसत नव्हते. खडूकडे बघत ते म्हणाले, "दीड वर्ष राह्यलंय, मॅडम. समाधानकारक लिहा आन् सोडा मला." आणि माझं हसू तिथल्या तिथे विरलं. या माणसानं मला वर्ग उघडून दाखवला होता आणि मी त्याचा पंचनामा करून टाकला होता. आता राहिलेलं दीड वर्ष ते माझ्यापुढे नाटक करणार आणि पोरं पस्तीसच लिहीत राहणार. शेरा खोडता येत नव्हता. मी माफी मागितली, पोरांसमोर. मग म्हटलं, "गुरुजी, आज तास मी घेते. तुम्ही मागे बसा आणि माझ्या चुका काढा."

चुका काढा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच जरा रंग आला. वही मांडीवर घेऊन ते मागच्या भिंतीला टेकले. मी तास घेतला आणि बराच वाईट घेतला. काड्यांचे गठ्ठे आणले होते, ते माझ्याच हातून सुटले. पोरांनी धावत गोळा केले, त्यात पाच मिनिटं गेली.

तास संपल्यावर गुरुजी वही उघडून म्हणाले, "मॅडम, मला तुमी तीन आकडे थांबायला सांगितलं. तुमी सोता एक आकडाबी थांबला न्हाईत. प्रश्न तुमचा, उत्तरबी तुमचंच." मी कबूल केलं. खरंच नव्हते थांबले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते मला दोनदा सांगितलं.

मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमी शिकवत हुता तवा मी त्या खिडकीपाशीच्या पोरीजवळ गेल्तो. बावन्नातून सत्तावीस पुन्ना करायला लावलं, तर पस्तीसच. इचारलं, पस्तीस कसं आलं गं? तर म्हनली, दोनातून सात जात न्हाईत, म्हनून सातातून दोन घालवले. वर म्हनली, गुरुजी, तुमीच सांगितलं ना, मोठ्यातून लहान जातो." त्यांनी वही मिटली. "तिचं चुकलंच न्हाई, मॅडम. मी सांगितलं तेच तिनं केलं."

असं मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकायला मिळालं नव्हतं. मी पाट्यांवरचे चुकलेले आकडे मोजले होते. चूक कुठून आली ते त्यांनी एका पोरीशेजारी बसून शोधलं. मी तसं त्यांना सांगितलं. ते मला सोडायला फाटकापर्यंत आले.

आमच्याकडे शिक्षकांचा एक रिवाज आहे. "मॅडम, आज कुठल्या बाजूला आहात?" असा सकाळी फोन येतो. मी येणार असले तर फळे पुसून घ्यायचे, कच्ची पोरं मागे बसवायची, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे तीनेक आठवड्यांनी गुरुजींचा फोन आला तेव्हा मला आधी वाईटच वाटलं.

"आज मी तुमच्याकडे नाही हो, गुरुजी," मी म्हटलं.

"मग या की," ते म्हणाले. "हातच्याची वजाबाकी जमली, पन मधी शून्य आला की पोरं लई चुकायलीत. मला कळंना कुठं अडतंय. तयारी काय केलेली न्हाई, तशाच या."