केळीच्या डागांची गाडी

शोरूममधल्या गाडीत माझी अठरा वर्षांची लेक सई बसली होती. सीटवरच्या कोऱ्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मला एकदम आमच्या जुन्या गाडीतला पिकलेल्या केळ्यांचा वास आठवला.

मी सईएवढी असताना माझ्या वडिलांनी, आबांनी, ती एका केळीच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. सीटवर चिकाचे काळे डाग होते, कितीही धुतले तरी न जाणारे. मैत्रिणीकडे नवी गाडी आली होती, म्हणून मी आठवडाभर फुगून बसले होते. मग चाळीसगावला कापसाच्या जिनिंगच्या आवारात मी गाडी शिकत होते; रिव्हर्स घेताना ती लोखंडी फाटकावर आदळली. मला रडूच फुटलं. आबा उतरले आणि मागच्या, आधीच पोचे पडलेल्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "यास्मा तुना पोचा कोनता शे?"

त्या सगळ्यांत माझा पोचा कोणता, ते मला खरंच सांगता येईना. ते हसले. "काही व्हयनं नही. बठ परत."

सई स्टिअरिंगला हातही न लावता बसली होती. "आई, घासली तर?" तिने हळूच विचारलं.

आबांनी जुनीच का घेतली, ते मला आत्ता उमगलं.

"उतर," मी म्हटलं. "आपण जुनी बघू."

तिने श्वास सोडला. खरं सांगायचं तर मीही.